पाचेचा वास आणि दादाची बेलबॉटम

आमच्या पिढीच्या तरुणपणाचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात 1971चं युद्ध येईल, 1972चा दुष्काळ येईल, 1974चा रेल्वे संप आणि 1975ची आणीबाणी येईल. अत्तरं आणि बेलबॉटम काही यायची नाहीत. मी 35 वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण एकाही पाठ्यपुस्तकात वासाला जागा नव्हती. मला मात्र सनावळीपेक्षा वासच जास्त आठवतात. तेव्हा मंडळी, आज सुवासांबद्दल आणि त्यांच्या हातात हात घालून आलेल्या हिप्पी फॅशनबद्दल लिहायचं म्हणते. भाचरांना आणि नातवंडांना गंमत वाटेल. मोठ्यांना कदाचित थोडं बोचेल. असो.

आम्ही अंधेरी पूर्वेला चाळीत राहायचो. वारा तसा असला की पार्ल्याच्या बिस्किट कारखान्याचा गोड, भाजका वास यायचा. (1929 साली सुरू झालेला हा कारखाना 2016 साली बंद झाला.) घरातले सुवास मोजके. लग्नामुंजीत अत्तरदाणी फिरायची, हाताच्या पाठीवर हीना नाहीतर खस लागायचा आणि मागून गुलाबदाणीचा शिडकावा व्हायचा. तो हात दिवसभर धुवायचा नाही असा आम्हा मुलींचा अलिखित नियम! ताप आला की कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या. त्यामुळे आजही तो वास आला की मला आजारी असल्यासारखं वाटतं, कोणी कितीही उंची सेंट म्हणून लावलेला असो. आणि आईच्या ट्रंकेत एक अफगाण स्नोची बाटली. नाव अफगाण असलं तरी तो पाटणवाला यांनी 1919 साली इथे मुंबईतच काढलेला. परदेशी नावाखाली देशी माल विकायची रीत किती जुनी आहे पाहा.

खरं अत्तर यायचं कनौजहून. तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी घालून खाली मंद आच लावायची, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवायची आणि भपक्यात आधीच घातलेल्या चंदनाच्या तेलात तो वास मुरवायचा. त्यात अल्कोहोल नसतं, म्हणून अत्तर भस्सकन उडून जात नाही, कातडीवर बसून राहतं. अण्णा वर्षातून एकदा महंमद अली रोडवरून इवलीशी कुपी आणत. त्याचा फाया कानात घालून ते दिवाळीच्या पहाटे बसायचे ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. अण्णा कडक शिस्तीचे, पण रसिक होते हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यावरून गैरसमज व्हायला नको.

सेंट ही निराळी गोष्ट. सेंट म्हणजे फॉरेनचं. परदेशी प्रसाधनांच्या आयातीवर तेव्हा इतकी बंधनं होती की हा माल बहुधा चोरट्या मार्गानेच यायचा आणि मुसाफिरखान्यात नाहीतर फोर्टच्या फुटपाथवर मिळायचा. मिळायचा म्हणजे बाटली मिळायची, आतला माल उल्हासनगरचा निघाला तर तक्रार कुठे करणार? आम्हा मैत्रिणींत ‘इव्हिनिंग इन पॅरिस’ची गडद निळी बाटली म्हणजे परमावधी. बुर्ज्वा कंपनीने ते 1928 साली काढलं आणि ते बनवणारा एर्नेस्ट बो हाच ‘शनेल नंबर फाइव्ह’चाही कर्ता, हे मला फार पुढे वाचून कळलं. तेव्हा आम्हाला पॅरिस माहीत होतं ते 1967 साली आलेल्या शम्मी कपूर–शर्मिला टागोरच्या त्याच नावाच्या सिनेमापुरतं. आमच्या कॉलेजात एका मुलीचे काका बोटीवर होते, तिच्याकडे ती बाटली होती. ती वर्गात आली की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळायचं. मुलांमध्ये जहाजाच्या चित्राचं ओल्ड स्पाइस. ते लावायला मिशी फुटलेली असण्याचीही गरज नसे!

कपड्यांचं सांगायचं तर आधी सगळं घट्ट होतं. मुलांच्या पॅन्टी नळकांड्यासारख्या, मुलींचे चुडीदार असे की घालताना पायाला कागद गुंडाळावा लागे. साधना कट तर 1960च्या ‘लव्ह इन सिमला’पासून सुरूच होता. मग 1970च्या आसपास सगळं एकदम सैल झालं. पॅन्टीचा घेर 20 इंच, मग 24, काही वीर 28 पर्यंत गेले. जमिनीवर घासून काठ फाटू नये म्हणून खाली पितळी झिप शिवून घेत. केस मानेवर, कल्ले गालावर, सदरा कोयऱ्या-कोयऱ्यांचा, आणि राजेश खन्नामुळे गुरू कुर्ता. आम्ही मुली मात्र पाचवारीच नेसायचो. पण ‘बॉबी’ 1973 साली आला आणि ठिपक्याठिपक्यांच्या कापडाचे ताग्यांवर तागे खपले. मी त्याच वर्षी शिक्षिका म्हणून लागले, त्यामुळे माझ्या वाट्याला ठिपके आले ते फक्त छत्रीवर.

ही सैलाई आली हिप्प्यांकडून. हिप्पी म्हणजे नुसते गांजेकस अशी आपल्याकडे समजूत होती, पण ती पोरं व्हिएतनामच्या युद्धाला आणि आईबापांच्या सुबत्तेला विटलेली होती. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत खुष्कीच्या मार्गाने ती इकडे येत. 1966च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला, त्यामुळे त्यांना इथे महिनेच्या महिने राहणं परवडू लागलं. बीटल्स 1968 साली हृषीकेशला येऊन राहिले आणि मग ओघच लागला. मुंबईत ही मंडळी कुलाब्याला, अपोलो बंदरावर दिसत आणि तिथून भाऊच्या धक्क्यावर पणजीची बोट पकडून हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर जात.

आमच्या उपनगरात त्यांचं निराळंच रूप पाहायला मिळालं. इस्कॉनने 1972 साली जुहूला जागा घेतली. मंदिर 1978च्या जानेवारीत उघडलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे गोरे भक्त राहत होते. त्यांतले काही जण अमेरिकेत हिप्पी म्हणून फिरून आलेले. जुहूला फिरायला गेलं की गोऱ्या मुली साडी नेसून, गळ्यात तुळशीची माळ घालून, टाळ कुटत जाताना दिसत. आई त्यांच्याकडे टक लावून पाहायची. “ह्या आपल्यापेक्षा सोवळ्या गं,” असं म्हणाली होती एकदा. आणि त्याच सुमाराला देव आनंदच्या ‘हरे राम हरे कृष्ण’मधली झीनत अमान गल्लीगल्लीतल्या लाउडस्पीकरवरून आशाबाईंच्या आवाजात ऐकू येत होती! एकच नाव, एकीकडे टाळ आणि दुसरीकडे चिलीम. आईबापांचा गोंधळ न होईल तर काय.

आता दादाबद्दल. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. 1972 साली तेवीस वर्षांचा, बी.कॉम. होऊन एका ऑफिसात टेंपररी. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ. रेशनवर अमेरिकेची मिलो मिळत होती, तिच्या लालसर भाकऱ्या घशाखाली उतरत नव्हत्या. आणि अशात दादाने 24 इंच घेराची बेलबॉटम शिवून आणली. अण्णा म्हणाले, “तुझ्या एका पायात गावाकडच्या एका पोराची चड्डी झाली असती.” दादा म्हणाला, “धान्य अमेरिकेचं चालतं, पॅन्ट चालत नाही होय?” झालं! त्या दिवशी जेवणं झाली नाहीत.

डिसेंबरात दादा मित्रांबरोबर बोटीने गोव्याला गेला. बहुतेक ‘कोंकणसेवक’ असावी, ‘कोंकणशक्ती’ही असेल. डेकवर एकीकडे बोचकी घेतलेले चाकरमानी आणि दुसरीकडे गिटारवाले हिप्पी, असं तो रंगवून सांगायचा. आठ दिवसांचं सांगून तीन आठवड्यांनी परतला. अंगात कोयऱ्यांचा जांभळा शर्ट, गळ्यात मणी, आणि खिशात तपकिरी तेलाची लहान बाटली. तो वास ओल्या मातीसारखा, थोडा कापरासारखा, थोडा जुन्या लाकडी कपाटासारखा. दार उघडल्याबरोबर अण्णा म्हणाले, “गांजेकसांचा वास घेऊन घरात यायचं नाही.” शर्ट गॅलरीत दोरीवर टांगला गेला, तो चार दिवस तिथेच होता. अख्ख्या चाळीने पाहिला.

ते तेल होतं पचौलीचं. हिप्प्यांचा वास म्हणून जगभर जो ओळखला जातो तो हाच. स्वस्त, उग्र, आणि कपड्याला लागला की धुतला तरी न जाणारा. आता गंमत ऐका. पचौली हा शब्द तमिळवरून गेला असं कोशकार सांगतात. पच्चै म्हणजे हिरवं आणि इलै म्हणजे पान. त्याच कुळातली आपल्याकडची वनस्पती म्हणजे पाच. हो, तीच पाच, जी मरव्याच्या जोडीने वेणीत घालतात! एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून गठ्ठ्यांत पचौलीची सुकी पानं घालत. तिकडच्या बायकांना तो वास म्हणजे अस्सल शालीची खूण वाटू लागली, म्हणून नकली शाली विणणाऱ्यांनीही ती पानं मागवायला सुरुवात केली. त्या नकली शालींचं मोठं केंद्र स्कॉटलंडमधलं पेझली हे गाव. त्या गावावरून आपल्या कोयरीचं इंग्रजी नावच पेझली पडलं. शंभर वर्षांनी हिप्प्यांनी आजीच्या पेट्यांतली ती कोयरी आणि तो वास दोन्ही उचललं, आणि कुलाबा-गोव्याच्या वाटेने ते आमच्या अंधेरीच्या चाळीत परत आलं.

म्हणजे दादाच्या शर्टावर जी नक्षी होती तीच आईच्या लग्नातल्या शालूच्या पदरावर होती. आणि जो वास अण्णांनी उंबऱ्याबाहेर ठेवला त्याच्या जवळचाच वास आईच्या अंबाड्याला दर चैत्रातल्या हळदीकुंकवाला यायचा. अण्णांच्या पायात आयुष्यभर कोल्हापुरी चपला, हिप्पीही त्याच शोधत फिरायचे. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी मध्ये पडून सांगितलं असतं का? सांगितलं असतं तरी अण्णांनी ऐकलं नसतं, कारण भांडण वासाचं नव्हतंच. तीन पिढ्या नोकरी करून, मान खाली घालून उभं केलेलं घर होतं त्यांचं. आणि दादाला मान वर करून चालायचं होतं. मला दोघांचंही पटायचं. माझं हे मत आमच्या घरात कधीच कोणाला आवडलं नाही.

नोकरीत कायम करण्याच्या वेळी साहेबांनी दादाला केस कापायला सांगितले, त्याने कापले नाहीत. मग दोन-तीन ठिकाणी धरसोड. आखाती देशांत तेलाचा पैसा आला आणि 1977 साली दादा दुबईला गेला. (तिथल्या कंपनीसाठी मात्र पासपोर्टच्या फोटोपुरते केस कापले, हे अण्णांनी ऐकवल्याशिवाय सोडलं नाही.) दर खेपेला तो खरी, सीलबंद सेंटं आणायचा. चार्ली, इंटिमेट, ब्रूट. एके काळी जे फुटपाथवर चोरून बघायचो ते आमच्या घरात रांगेने उभं राहिलं. आईने त्यातली एकही बाटली फोडली नाही. 1983 साली अण्णा गेले. दोघं बोलत होते तसे, पण पैशांचं आणि तब्येतीचं, बस्स.

मी लग्नानंतर मुलुंडला आले आणि पुन्हा वासांच्याच गावी पडले. आग्रा रोडवर, म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्गावर, एस. एच. केळकर कंपनी. 1922 सालापासून सुगंधी द्रव्यं बनवणारं हे मराठी घराणं. साबणापासून उदबत्तीपर्यंत किती वस्तूंना त्यांनी वास पुरवलाय ते आपल्याला माहीतही नसतं. तिथून बस जाताना एखादे दिवशी गुलाब, एखादे दिवशी काहीतरी तिखट, नाव न सांगता येणारं. पुढे 1984 साली निघालेल्या इथल्या वझे महाविद्यालयात सुगंधद्रव्यांचा अभ्यासक्रमही शिकवला जाऊ लागला. आणि हिप्प्यांच्या खोल्यांत जळणारी ती निळ्या खोक्यातली नागचंपा उदबत्ती, तीही 1964 साली मुंबईतच निघाली बरं का! कॅलिफोर्नियात तिला म्हणे भारताचा वास म्हणतात.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलाने कपाटं आवरली, त्यात बाटल्या निघाल्या पुष्कळ, पण ते तपकिरी तेल नव्हतं. मी मात्र गेल्या पावसाळ्यात दादरच्या फूलबाजारातून पाचेच्या काड्या आणून खिडकीतल्या कुंडीत खोचल्या. दोन जगल्या. पान चुरगाळलं की तोच वास येतो, थोडा सौम्य.

आता एक काम आहे, खास करून आपल्या घरच्यांसाठी. जांभळ्या शर्टातला दादाचा एक फोटो होता, हणजूणच्या वाळूतला, कृष्णधवल. म्हणजे शर्ट जांभळा आहे हे मलाच माहीत. अण्णांनी तो भिंतीवरच्या चौकटीतून काढून तिथे मुंजीतला लावला, पण फाडला नव्हता. आई म्हणायची की त्यांनी स्वतःच तो कुठेतरी जपून ठेवलाय. गावच्या घरी गेलेल्या ट्रंकांमध्ये, शालूच्या घडीत, अण्णांच्या पोथ्यांत, कोणाला सापडला तर तेवढा मला पाठवा.