एकच नाव, दोन नकाशे: भोर, वेल्हे आणि सिम्बॉल टेबल

भोर संस्थानात राजगड आणि प्रचंडगड (म्हणजे तोरणा) हे वेगवेगळे तालुके होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. पुढे मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव द्यायला मान्यता दिली. आता संस्थानकाळातल्या कागदावरचा 'तालुका राजगड' आजच्या नकाशात शोधलात, तर उत्तर लगेच मिळेल. पण हद्दी त्याच, असं धरता येत नाही.

डीबगिंगमध्ये हेच होतं. प्रोग्राम कोसळला की हाती मेमरीतला पत्ता उरतो. ॲडर-टू-लाइनसारखं टूल त्यावरून फाइल आणि ओळ सांगतं. पण कोड बदलून पुन्हा कंपाइल केला की फंक्शनं सरकतात. जुना पत्ता नव्या टेबलात शोधला, तर टूल अनेकदा भलत्याच फंक्शनचं नाव बिनधास्त देतं. म्हणून फाइलीत बिल्ड-आयडी नोंदवतात. आधी तो जुळवा, मग लोड होतानाचा बेस पत्ता वजा करा, मगच शोधा.

दफ्तरखान्यात बिल्ड-आयडीचं काम कागदावरची तारीख करते. टिपणात गाव-तालुक्यासोबत साल लिहाच. उत्तर सापडलं नाही तर आपण पुन्हा शोधतो. चुकीचं सापडलं तर त्यावर प्रबंध उभा राहतो.