जीपचं बारसं

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी एक जुनी जीप घेतली. सरकारी खात्याच्या लिलावातून एका बागायतदाराकडे गेलेली आणि पुढं गॅरेजमागच्या बाभळीखाली बरीच वर्षं उभी राहिलेली. इंजिन उतरवून झालं, पत्रा ठोकून झाला, हिरवा लष्करी रंगही लागला. मग एका संध्याकाळी स्वारी माझ्याकडे आली. म्हणाला, ''मामू, तुम्ही कवी. बॉनेटवर लिहायला एक झकास नाव द्या.''

त्याच्या मनात 'शेरखान', 'तुफान', 'बादशहा' अशी नावं होती. मी म्हटलं, ''बेटा, जीप हे नाव आहेच की.'' तो हसला. ''जीप हे काय नाव झालं, मामू?''

मंडळी, गंमत अशी की जीप हे मुळात टोपणनावच आहे. केशवसुत, कुसुमाग्रज ही नावं कवींनी स्वतः घेतली. जीपला मात्र तिचं नाव लोकांनी दिलं. तिच्या बारशाची कथा ऐकण्यासारखी आहे.

१९४० सालचा जुलै महिना. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी, चिखलातून आणि चढावरून जाणारी एक गाडी तातडीनं हवी होती. १३५ कंपन्यांना पत्रं गेली. नमुना तयार करायला मुदत फक्त ४९ दिवसांची. मोठमोठे कारखाने गप्प बसले. पुढं आली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, दिवाळखोरीच्या काठावरची बँटम नावाची कंपनी. बँटम म्हणजे छोट्या चणीचा झुंजार कोंबडा. कंपनीही तशीच होती. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानं दोन-तीन दिवसांत आराखडे काढले. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला जेमतेम अर्धा तास असताना, तो स्वतः गाडी चालवत बाल्टिमोरजवळच्या लष्करी तळावर पोहोचला.

गाडी पसंत पडली. पण बँटमच्या लहानशा कारखान्याला हजारोंनी गाड्या पुरवणं जमेल का, ही सैन्याची शंका. म्हणून तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांनाही दाखवण्यात आले. विलीजनं आपल्या नमुन्याला 'क्वाड' म्हटलं, फोर्डनं 'पिग्मी'. विलीजचं इंजिन दमदार आणि किंमत कमी, त्यामुळं मुख्य कंत्राट विलीजला मिळालं. पुढं फोर्डही त्याच धाटणीची गाडी बनवू लागला. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. बँटमच्या वाट्याला अडीच-पावणेतीन हजार गाड्या आल्या. पुढं ती कंपनी गाडीमागं जोडायचे ट्रेलर बनवत राहिली.

मग 'जीप' आलं कुठून? सर्वांना ठाऊक असलेलं उत्तर म्हणजे 'जनरल पर्पज' या शब्दांची आद्याक्षरं 'जी-पी', त्याचं जीप. ऐकायला पटतं. पण फोर्डच्या संकेतात 'जी' म्हणजे सरकारी काम आणि 'पी' म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ऐंशी इंच अंतर असलेली गाडी. दुसरी कथा अधिक रंगतदार आहे. पोपॉय या चित्रकथेत १९३६ साली 'जीप' नावाचं एक अजब जनावर अवतरलं. ते कुठंही जायचं, भिंतीतूनही पार व्हायचं आणि तोंडानं फक्त 'जीप, जीप' म्हणायचं. सैनिकांत हा शब्द नव्या रंगरुटासाठी आणि चाचणीला आलेल्या नव्या वाहनासाठीही चालत होता. १९४१च्या सुरुवातीला विलीजच्या चालकानं वॉशिंग्टनमध्ये संसदभवनाच्या पायऱ्यांवर ही गाडी चढवून दाखवली. काय म्हणतात हिला, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'जीप'. वर्तमानपत्रात ते छापून आलं आणि नाव पक्कं झालं.

आपल्या मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर. इथंही तसंच झालं. जीप आम्हीच घडवली, अशी जाहिरात विलीजनं सुरू केली. १९४३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढं तक्रार गेली आणि १९४८ मध्ये निकाल लागला, की ही गाडी एकट्यानं घडवल्याचा दावा विलीजनं करू नये. तरीही १९५० साली 'जीप' हे नाव विलीजच्या मालकीचं म्हणून नोंदलं गेलं. सैनिकांनी दिलेलं नाव, बँटमनं घडवलेली पहिली गाडी आणि सातबारा तिसऱ्याच्या नावावर. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

जीप गेली तिथं लोक तिला आपलं नाव देत गेले. फिलिपिन्समध्ये युद्धानंतर उरलेल्या जीपा लांब करून, रंगवून लोकांनी प्रवासी गाड्या केल्या. त्या झाल्या 'जीपनी'. रशियातल्या भावंडाला तिथले लोक 'कोझलिक' म्हणजे बोकडाचं पिल्लू म्हणत, कारण ती उड्या मारत चाले. आपल्या सैन्याची 'जोंगा' जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून आली. सातारा-कोल्हापूरकडं माणसं कोंबून नेणाऱ्या जीपा 'वडाप' झाल्या, विदर्भ-मराठवाड्यात 'काळी-पिवळी'.

आपल्याकडं जीपच्या जुळणीला सुरुवात झाली ती मुंबईत माझगावला. ज्या कंपनीनं हे काम केलं, तिच्या नावाचीही एक कथा आहे. १९४५ साली लुधियानात ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्र अँड महंमद. भागीदार मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. आद्याक्षरं मात्र तीच राहिली, एम अँड एम. ज्यानं जायचं ठरवलं तो गेला, त्यात तक्रार कसली? पण माझ्यासारख्या, इथंच राहिलेल्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला त्या दुसऱ्या 'एम'पाशी थोडं थांबावंसं वाटतं. नवं नाव लिहिताना त्याखाली जुनं कोणतं होतं, एवढं तरी विचारावं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, ''नाव देतो. पण आधी हिला पूर्वी काय म्हणत ते विचारून ये.''

तो गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेला. ते म्हणाले, बागायतदाराकडं असताना ही दिवसा खतं-औषधं वाहायची. पण पावसाळ्यात वस्तीवरचा रस्ता चिखलात बुडाला, की तिथवर दुसरं कोणतंच वाहन पोहोचत नसे. रात्री-अपरात्री कुणी अडलेली बाळंतीण, कुणी साप चावलेला असला की हिलाच बोलावणं. म्हणून वस्तीवरच्या बाया तिला 'रातराणी' म्हणायच्या, एसटीच्या रातराणीसारखी रात्री धावणारी म्हणून.

भाचा परत आला तो जरा गप्पच होता. म्हणाला, ''मामू, त्या बायकांपैकी कुणी अजून असतील का वस्तीवर?''

मी म्हटलं, ''जाऊन बघ. गाडी आहे की तुझ्याकडं.''

आता बॉनेटवर पांढऱ्या अक्षरांत 'रातराणी' लिहिलेलं आहे. शेरखान राहूनच गेला. येणारे-जाणारे मला म्हणतात, कवीनं नाव छान दिलं. मी प्रत्येकाला सांगतो, नाव माझं नाही. मी फक्त विचारलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)