हिशेबाची वही चावडीवर



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आख्यायिका आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली आणि पंतांनी बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली. बादशहाने जाब विचारला, तेव्हा विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंग बेदरच्या दरबारात गेला आणि धान्याची किंमत भरून आला. कीर्तनकार या ठिकाणी टाळ्या घेतो. मी पडलो इतिहासाचा मास्तर. माझे लक्ष जाते ते पुढच्या एका बारीक गोष्टीकडे. पैसे भरल्यावर विठूने पावती मागून घेतली! काम पुण्याचे होते, पैसे भरणारा साक्षात देव होता, तरी पावती चुकली नाही.

आजच्या भाषणात मला हेच सांगायचे आहे. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत काम चांगले झाले एवढ्याने भागत नाही. हिशेब द्यावा लागतो, आणि तो मागणारा जागा असावा लागतो. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राने कशी शिकून घेतली, ते दोन मंडयांच्या इतिहासावरून पाहू.

पहिली मंडई मुंबईची. सन १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरलाही. त्याच १८६५ साली मुंबईला नवा म्युनिसिपल कायदा मिळाला. कारभाराची सूत्रे आली आर्थर क्रॉफर्ड नावाच्या कमिशनरच्या हाती. त्याच्या खर्चावर नजर ठेवायची ती ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींनी.

क्रॉफर्ड साहेब कर्तबगार होता, यात शंका नाही. त्याने गटारे साफ केली, रस्ते रुंद केले, शहराचे आरोग्य सुधारले. १८६९ साली त्याने मोठी देखणी मंडई उभी केली. तीच पुढे ‘क्रॉफर्ड मार्केट’ म्हणून प्रसिद्ध झाली. पण साहेबाला अंथरूण पाहून पाय पसरणे ठाऊक नव्हते. मंजुरी किती, तिजोरीत शिल्लक किती, हे न पाहता कामे निघत गेली. शहरावर कर्ज झाले, कराचा बोजा वाढला, आणि १८७१ साली करदाते खवळून उठले. याच क्रॉफर्डवर पुढे १८८८ साली लाचलुचपतीचे मोठे प्रकरण गाजले. पण ती गोष्ट वेगळी. १८७१ सालची मुख्य तक्रार होती ती उधळपट्टीची.

त्या गदारोळात फिरोजशहा मेहता नावाचा एक तरुण बॅरिस्टर उभा राहिला. वय अवघे सव्वीस. फ्रामजी कावसजी सभागृहात त्याने निबंध वाचला आणि लोकांना न रुचणारी गोष्ट सांगितली. तो म्हणाला ते थोडक्यात असे, की एकट्या क्रॉफर्डला दोष देऊन काय उपयोग? त्याने शहराचे भले केले आहे. खरा दोष पहारेकऱ्यांचा. ज्यांनी खर्च तपासायचा ते जस्टिस लोक स्वस्थ बसले, कारण ते कोणाला जबाबदारच नव्हते. तेव्हा कारभारी एकच ठेवा, पण त्याच्यावर देखरेख करणारे लोक करदात्यांनी निवडून दिलेले असू द्या. सभेला हे आवडले नाही. पण दुसऱ्याच वर्षी, १८७२ साली, जो कायदा झाला त्यात ६४ सभासदांच्या कॉर्पोरेशनपैकी ३२ जण करदात्यांनी निवडून द्यावेत, असे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याने नियम आणखी घट्ट केले. कमिशनरने अंदाज मांडावा, स्थायी समितीने तो तपासावा, कॉर्पोरेशनने मंजूर करावा, आणि अंदाजपत्रकात ज्याची तरतूद नाही असा खर्च तिजोरीतून होऊ नये. तो कायदा वेळोवेळी दुरुस्त होत आजही मुंबईला लागू आहे.

आता दुसरी मंडई, पुण्याची. महात्मा जोतीराव फुले १८७६ सालापासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सभासद सरकारनेच नेमलेले. म्हणजे सरकारच्या मर्जीविरुद्ध बोलणे अवघड. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. नव्या मंडईच्या मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, तोही याच कारणासाठी. मंडई झालीच, ‘रे मार्केट’ या नावाने ती १८८६ साली उघडली.

काळाचा न्याय पाहा. आज मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे आणि पुण्याच्या मंडईलाही! हात सैल सोडून खर्च करणाऱ्याचे नाव मागे पडले. ‘हा पैसा कोणाचा आणि कोणासाठी?’ असे विचारणाऱ्याचे नाव वर राहिले.

तुम्ही म्हणाल, “मास्तर, ही झाली शहरांची कथा. आमच्या गावाला तिचे काय?” सांगतो. शहरात जे नियम भांडून मिळाले, ते आपल्या गावाला कायद्याने घरपोच आले आहेत. १९२० आणि १९३३ च्या कायद्यांनंतर १९५८ साली ग्रामपंचायतीचा आजचा मूळ कायदा झाला. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली. कायदा काय म्हणतो? पंचायतीने दरवर्षी पुढील वर्षाचे अंदाजपत्रक करावे आणि पंचायत समितीकडे पाठवावे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च ठेवावा, कारभाराचा अहवाल ठेवावा, चालू वर्षाची कामे सांगावीत, आणि शेवटच्या लेखापरीक्षणात तपासनिसाने काय शेरे मारले तेही वाचून दाखवावे. याहून अधिक उघड कारभार तो कोणता?

मग अडते कुठे? एका गावच्या ग्रामसभेला मी गेलो होतो, त्याची हकिकत ऐका. वेळ सकाळी दहाची. अकरा वाजेपर्यंत आम्ही मोजून चौदा माणसे. गणपूर्तीला मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेव्हा सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पुढल्या वेळी सात जणांत वर्षाचा जमाखर्च मंजूर झाला. वाचायला लागला असेल पाव तास. बाहेर पारावर तीस-चाळीस जण बसले होते आणि पंचायतीत कसे पैसे खातात, यावर रंगून बोलत होते. मला फिरोजशहांचा निबंध आठवला. नियमाने दार उघडे ठेवले होते; आत कोणी शिरले नाही, एवढेच.

आत शिरले की काय होते, ते राजस्थानातल्या गरीब मजुरांनी दाखवले. १९९४ साली तिथल्या खेड्यांत ‘जनसुनावण्या’ भरू लागल्या. गावच्या कामांचे हजेरीपट आणि बिले मिळवून ती चारचौघांत मोठ्याने वाचायची, एवढीच युक्ती. ज्याचे नाव हजेरीपटावर, तो समोरच बसलेला. तो उठून सांगे, मी त्या कामावर गेलोच नाही. अशा धडपडीतून माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली. महाराष्ट्राने २००२ साली आपला कायदा केला आणि २००५ साली तो अधिकार साऱ्या देशाला मिळाला. त्या कायद्यात तर म्हटले आहे, की अंदाजपत्रकासारखी माहिती लोकांनी मागण्याआधीच कार्यालयाने आपण होऊन जाहीर करावी.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. जमाखर्चाचा कागद दिसायला किचकट, पण त्याचे गणित चौथी-पाचवीचे आहे. आरंभीची शिल्लक, अधिक वर्षाची जमा, वजा वर्षाचा खर्च, बरोबर अखेरची शिल्लक. एवढे जुळते का पाहावे. मग तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी अंदाज किती होता आणि प्रत्यक्षात खर्च किती झाला? घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी किती आणि वसूल किती? आणि स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी शेकडा १५, महिला व बालकल्याणासाठी १० आणि अपंग बांधवांसाठी ५ टक्के राखून ठेवायचे असतात, ते खरोखर खर्च झाले का? वरच्या वर्गातल्या मुलांना हा कागद उदाहरण म्हणून फळ्यावर घालून द्या. मुले घरी जाऊन विचारतील, आणि मुलांनी विचारलेला प्रश्न सहसा तहकूब होत नाही.

सरपंच मंडळींनीही यात वैर पाहू नये. ज्याचा हिशेब चावडीवर वाचला गेला, त्याला पारावरच्या कुजबुजीचे भय उरत नाही. पावती काही अविश्वासाची खूण नव्हे. ती प्रामाणिक माणसाची ढाल आहे. विठूने ती घेतली ती स्वतःसाठी नव्हे. दामाजीपंतांच्या अंगावर बालंट येऊ नये म्हणून.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेची दवंडी ऐकाल, नोटीस वाचाल, तेव्हा पारावरून उठा. वीस पावलांवरच पंचायत असते. आत जा, खाली बसा, आणि नम्रपणे म्हणा, “वही जरा मोठ्याने वाचा.”