तूलांश : काशीतल्या मराठी ज्योतिषाचा उसना शब्द

आज आपण काशीला जाणार आहोत, पण दर्शनाला नाही. पृथ्वीवर एखादं गाव नेमकं कुठे आहे, हे तिथल्या एका मराठी ज्योतिषाने कसं मांडलं, ते मला सांगायचंय.

त्यांचं नाव कमलाकर. घराणं मूळ गोदावरीकाठच्या गोलग्रामचं, पुढे काशीत स्थायिक झालेलं. १६५८ मध्ये त्यांनी 'सिद्धांततत्त्वविवेक' हा ग्रंथ लिहिला.

आधी अक्षांश घेऊ. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी भर दुपारी १२ अंगुळांचा शंकू उन्हात उभा करा. काशीत त्याची सावली पावणेसहा अंगुळांच्या आसपास पडते. त्यावरून गणित केलं की साधारण २५ अंश मिळतात. हे एकट्या माणसाला जमतं.

रेखांशाचं तसं नाही. पृथ्वी ६० घटिकांत ३६० अंश फिरते, म्हणजे घटिकेला ६ अंश. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं; पण त्या क्षणी काशीची वेळ उज्जैनपेक्षा सुमारे सव्वा घटिका पुढे असते. म्हणजे अंतर ७ अंशांहून थोडं जास्त. पण उज्जैनची वेळ तिथल्या कुणीतरी नोंदवून कळवायला हवी ना? रेखांशासाठी दुसऱ्याचं ऐकावंच लागतं.

आता गंमत पाहा. सूर्यसिद्धांतावर कमलाकरांची निष्ठा इतकी कट्टर, की त्यापायी ते भास्कराचार्यांवरही तुटून पडतात. आपल्या परंपरेची मूळ रेषा लंका-उज्जैनची. तरीही शहरांचे रेखांश देताना त्यांनी अरबी-फारसी ज्योतिषांची, दूर पश्चिमेकडची मूळ रेषा स्वीकारली. समरकंदच्या उलुघ बेगच्या परंपरेतलं ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. रेखांशाला त्यांनी शब्द वापरला 'तूलांश'. अरबीत 'तूल' म्हणजे लांबी. मतांना इतका पक्का माणूस, पण उपयोगी आकडा परक्याकडून घ्यायला कचरला नाही. मला त्यांचं हेच मोठेपण वाटतं.

पुढे १८व्या शतकात सवाई जयसिंहांनी काशीच्या मानमंदिरावर यंत्रं उभारली. घाटावर गेलात तर वर जाऊन सम्राट यंत्र जरूर बघा. त्याची उतरती भिंत काशीच्या अक्षांशाइतक्याच कोनात बांधलेली आहे.

आज मोबाइल काशीचा पत्ता क्षणात देतो : २५.३ उत्तर, ८३ पूर्व. त्यातले ८३ अंश आपण ग्रीनविचपासून मोजतो.