शंभर गुणांची वाटणी

वर्ष सरता सरता त्या वर्षातील आपल्या आवडत्या अल्बमांची यादी करण्याचा रॉकरसिकांचा शिरस्ता आता इतका अंगवळणी पडला आहे, की तो कोणी आणि केव्हा मुक्रर केला हे विचारावेसेही कुणास वाटत नाही. कोलंबिया कंपनीने १९४८ साली एका बाजूस वीसहून अधिक मिनिटे वाजणारी एलपी तबकडी बाजारात आणली खरी. परंतु रॉकवाल्यांनी तिचा उपयोग पुष्कळ वर्षे सुट्या गाण्यांचे गाठोडे बांधण्यापुरताच केला. अल्बम ही एकसंध कृती आहे हे साठोत्तरी दशकाच्या उत्तरार्धात सर्वमान्य झाले, आणि मगच तिच्या वार्षिक तारतम्याची गरज भासू लागली.

न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगाऊ या समीक्षकाने १९७१ साली समीक्षकांचा कौल घेतला व त्यास ‘पॅझ अँड जॉप’ असे, ‘जॅझ अँड पॉप’ या मासिकाच्या नावातील आद्याक्षरे उलटवून, थट्टेखोर नाव दिले. मध्ये दोन वर्षे खंड पडला. १९७४ पासून मात्र तो दरसाल होऊ लागला. त्याचा पुढे रूढ झालेला नियम मला फडनिशी थाटाचा वाटतो: प्रत्येकाने दहा अल्बम निवडावेत, शंभर गुण त्यांत वाटावेत, कोणासही पाचांहून कमी वा तिसांहून अधिक देऊ नयेत. नुसत्या क्रमवारीत पहिला आणि दुसरा यांतील अंतर झाकून राहते. येथे ते आकड्यांत कबूल करावे लागते.

त्या पहिल्या वर्षाचे पीक तर असे, की वाटणाऱ्याचा हात थरथरावा. रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’च्या वेष्टनावर खरीखुरी झिप बसविलेली होती, थप्पीत ती शेजारच्या तबकडीवर रुतून रेघा पाडू लागली, तेव्हा झिप अर्धी उघडूनच माल रवाना करण्याची तजवीज झाली, जेणेकरून तिचा दाब मधल्या कागदी लेबलावर पडावा. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम नोव्हेंबरात आला, तो वेष्टनावर ना शीर्षक ना वाद्यवृंदाचे नाव, अशा निनावी थाटात. डेव्हिड बोवीचा ‘हंकी डोरी’ उजाडला डिसेंबरात. इतक्या उशिरा आलेल्यास न्याय मिळणे कठीण, आणि हा दोष या प्रथेस जन्मजातच आहे.

कौल मिळाला तो ‘द हू’च्या ‘हूज नेक्स्ट’ला. ‘द हू’चा गीतकार पीट टाउनशेंड याचा ‘लाइफहाउस’ हा अवाढव्य संकल्प बासनात गेला, त्याच्या अवशेषांतून हा अल्बम उभा राहिला. त्याच्या आरंभीच्या गाण्यात ऑर्गनची एकच स्वरमाला स्वतःभोवती घुटमळत राहते, पाऊण मिनिटाच्या सुमारास पियानोचे ठोके पडतात, मागून ढोल येतात, आणि शेवटी व्हायोलिन सारे उधळून देते. या गाण्याच्या ‘बाबा ओ’रायली’ या नावातील ओ’रायली हे टेरी रायली या अमेरिकन संगीतकारावरून आले; आणि बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले, नगरजवळच्या मेहेराबादेत समाधिस्थ असलेले मेहेरबाबा, टाउनशेंडचे गुरू. नगरकडच्या कित्येकांस हा ऋणानुबंध ठाऊक नसावा, याचे मला नवल वाटते.

माझ्या वाटणीत ‘हूज नेक्स्ट’ला तीस, ‘स्टिकी फिंगर्स’ला वीस, आणि ज्या झेपेलिनची पारायणे करून मी तबकडी झिजवली, त्याला पंधरा. बाकीचे पस्तीस उरलेल्या सातांनी आपसांत वाटून घ्यावेत. नियमाप्रमाणे प्रत्येकी नेमके पाचच येतात.