शिडाच्या लहान नौकेवरील हिवाळी निवास : ऊब आणि वीज

हिवाळ्यात शिडाच्या लहान नौकेवर घर करून राहताना केबिन उबदार व कोरडी राखण्याची आणि साठवलेली वीज पुरवून वापरण्याची व्यवस्था. साधारण ७ ते १२ मी. लांबीच्या नौकांवर बाराही महिने राहणारी माणसे ब्रिटन, उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आढळतात. या नोंदीत मुख्यतः ब्रिटनच्या किनाऱ्यावरील परिस्थिती विचारात घेतली आहे.

थंडी आणि ओल : ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे तापमान हिवाळ्याच्या अखेरीस सु. ६° ते १०° से. असते. नौकेचा पाण्याखालचा भाग रात्रंदिवस या पाण्याला टेकलेला असतो आणि फायबरग्लासचे पातळ कवच आतली उष्णता फारशी अडवत नाही. श्वास, स्वयंपाक व ओले कपडे यांमुळे हवेत साठलेल्या वाफेचे थंड कवचावर पाणी होते; ते ठिबकते आणि गाद्यांना बुरशी धरते. १ किग्रॅ. एलपीजी जळताना सु. १·६ किग्रॅ. पाणी तयार होते, तर १ लि. रॉकेलपासून १ लि.हून थोडे अधिक. त्यामुळे धुराडे नसलेला हीटर ऊब देतो, पण ओलही वाढवतो. यावर उपाय म्हणजे पाण्याच्या पातळीवरील कवचाला व छताला आतून फोमचा उष्णतारोधक थर देणे, गादीखाली पट्ट्यांची जाळी बसवून हवा खेळती ठेवणे आणि थंडी असली तरी झडपा उघड्या ठेवणे. ओली, कोंदट हवा बाहेर गेल्याशिवाय कोणत्याही हीटरचा पुरेसा उपयोग होत नाही.

तापनाची साधने : (१) लाकूड वा कोळशाची शेगडी : हिला वीज लागत नाही. धुराड्यातून ज्वलनातील वाफ बाहेर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते, म्हणून केबिन कोरडी राहते. मात्र जळण साठवायला जागा लागते. (२) ठिबक पद्धतीची डिझेल शेगडी : इंधन गुरुत्वाकर्षणाने थेंबाथेंबाने येते. ही नांगरावर संथपणे दीर्घकाळ चालते. (३) पंख्याचा डिझेल हीटर : २ किवॉ. क्षमतेचा हीटर तासाला सु. ०·१ ते ०·३ लि. डिझेल घेतो. चालू होताना तो १०० वॉटपर्यंत वीज ओढतो. नंतर १० ते ३५ वॉट पुरतात. (४) विजेचा हीटर : धक्क्यावरून वीजपुरवठा असेल तरच तो व्यवहार्य ठरतो.

विषारी वायू व आग : बंद केबिनमधील ज्वलनातून होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून झोपेतच जीव घेतो. ब्रिटनच्या अंतर्गत जलमार्गांवरील नौका-सुरक्षा योजनेने १ एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या नौकांवर याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे केले. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो नौकेच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर ठेवण्याची पेटी केबिनपासून हवाबंद असावी व तिचे छिद्र नौकेबाहेर उघडणारे असावे.

विजेचा हिशेब : बहुतेक नौकांवर १२ व्होल्टची व्यवस्था असते. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मीच वीज काढणे हितावह असते, म्हणजे सु. ६०० वॉट-तास हाती येतात. त्यावर १ किवॉ.चा हीटर इन्व्हर्टरमार्फत जेमतेम अर्धा तास चालेल. डिझेल हीटरचा पंखा मात्र तेवढ्याच विजेवर रात्रभर चालून पुष्कळ वीज शिल्लक राहते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० टक्के वा अधिक वीज घेता येते. परंतु तिचे तापमान ०° से.च्या खाली असताना ती चार्ज केल्यास कायमची बिघडते.

वीजनिर्मिती : लंडनच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजावर सु. १५° एवढाच चढतो. मुंबईत तो त्या दिवशी सु. ४८° वर असतो. आडवे ठेवलेले १०० वॉटचे सौर पॅनेल लंडनमध्ये डिसेंबरात दिवसाला सरासरी सु. ५० वॉट-तास देते, म्हणजे २ वॉटचे चार एलईडी दिवे सहा तास चालतील एवढे. जूनमध्ये तेच पॅनेल सुमारे दसपट देते. पवनचक्कीची शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. पण आडोशाच्या बंदरात ती फारशी फिरत नाही. बॅटरीसाठी मुख्य इंजिन तासन्‌तास विनाभार चालवणे इंजिनाला अपायकारक असते. धक्क्यावरील २३० व्होल्टच्या जोडणीत अर्थिंगच्या तारेने शेजारच्या नौका विद्युत्‌दृष्ट्या जोडल्या जातात आणि पाण्याखालील धातू झिजू लागतो. ते टाळण्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात.

पूर्वपीठिका : विजेशिवायही नौकाजीवन शक्य आहे, हे अमेरिकेच्या लिन व कॅनडाच्या लॅरी पार्डी या दांपत्याने दाखवून दिले. ‘सेराफिन’ या सु. २४ फुटी, इंजिनविरहित नौकेवर तेलाच्या दिव्यांच्या प्रकाशात राहून त्यांनी जगप्रवास केला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या सु. ३२ फुटी सागवानी नौकेतून. प्रवासात रेडिओ प्रक्षेपक बंद पडूनही ते परतले.

निष्कर्ष : हिवाळ्यात नौकेवर राहू इच्छिणाऱ्याने आधी रोधक थर व वायुवीजन यांवर खर्च करावा, मग धुराडे असलेली शेगडी बसवावी आणि शेवटी बॅटरी वाढवावी. ऊब इंधनातून घ्यावी. साठवलेली वीज दिवे, पंखा, रेडिओ व इशाऱ्याच्या यंत्रांसाठी राखावी. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू असल्याची खात्री केल्याशिवाय शेगडी पेटवू नये.