ऐकू येणारा पडदा

संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीने कसा वाचायचा? १९८०च्या दशकात हा प्रश्न त्या मानाने सोपा होता. डॉसच्या पडद्यावर २५ ओळी असत आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे. म्हणजे अक्षरांच्या एकूण २००० जागा. कोणत्या जागी कोणते अक्षर आहे, त्याचा सांकेतिक क्रमांक स्मृतीत ठरलेल्या ठिकाणी ठेवलेला असे. तो तेथून उचलून बोलणाऱ्या यंत्राकडे पाठवला, की काम झाले. पुढे खिडक्या, चित्रे आणि माऊस आले, आणि डोळसांना सोपा झालेला संगणक अंधांसाठी अवघड होऊन बसला. कारण आता पडद्यावर अक्षर नव्हते, अक्षराच्या आकाराचे ठिपके होते! ठिपके उमटण्याआधीच चित्र काढण्याच्या आज्ञा मध्येच पकडायच्या आणि कुठे काय लिहिले गेले याची वेगळी नोंद ठेवायची, अशी खटपट पडदा-वाचक प्रणालींना करावी लागली.

याच काळात एक पुणेकर तरुण या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहत होता. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५चा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयातून गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि पवईच्या आयआयटीत गणित व संगणकशास्त्र शिकले. तेथे त्यांनी केलेला एक प्रकल्प आलेखांची वक्ररेषा आवाजातून ऐकवणारा होता. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गणिती मजकूर ऐकवणाऱ्या त्या प्रणालीला त्यांनी आपल्या वाटाड्या कुत्रीचे नाव दिले : ॲस्टर.

अडचण काय होती ते वर्गात करून पाहा. ‘अ अधिक ब भागिले क’ एवढेच मोठ्याने म्हणा आणि मुलांना लिहायला सांगा. कोणी फक्त ‘ब’ला ‘क’ने भागेल, तर कोणी सगळ्या बेरजेला. कागदावर आडवी रेघ किती लांब आहे हे डोळा क्षणात पाहतो, पण कानाला ती रेघ नसते. रामन यांनी छापलेले पान वाचण्याचा नाद सोडला आणि त्यामागची लेटेक् भाषेतील संहिता घेतली. तिच्यात अंश कोणता, छेद कोणता हे स्पष्ट लिहिलेले असते. मग घातांक आला की आवाजाची पट्टी चढवायची, पायाशी लिहिलेला अंक आला की उतरवायची. ऐकणाऱ्याला समीकरणाच्या हव्या त्या भागात शिरताही येई.

१९९५ साली त्यांनी ‘ईमॅक्स’ या संपादकाला बोलते केले. दिनदर्शिकेच्या चौकटीत नुसते ‘१५’ वाचणारा पडदा-वाचक ऐकणाऱ्याला फारसे काही सांगत नाही. वार, महिना, वर्ष हे डोळा आजूबाजूला पाहून जुळवतो. रामन यांची प्रणाली पूर्ण तारीख सांगे, कारण ती पडदा वाचतच नव्हती, प्रत्यक्ष माहिती वाचत होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा विचार हाच.

दरम्यान कार्यप्रणाली बनवणाऱ्यांनीही दारे उघडली होती. विंडोज ९५मध्ये एका हाताने काम करणाऱ्यांसाठी जोडकळा एकामागून एक दाबण्याची सोय आली (शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर अचानक प्रश्न विचारला जातो, तो हाच). विंडोज २०००मध्ये बोलणारा निवेदक आला, २००५ साली ॲपलच्या मॅकमध्ये व्हॉइसओव्हर, आणि २००९ साली अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक. हे शेवटचे काम रामन आणि चार्ल्स चेन यांचे. सोय मुळातच यंत्रात असल्याने महागडी प्रणाली वेगळी विकत घेण्याची गरज उरली नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेला एनव्हीडीए तर विनामूल्यच आहे, आणि ई-स्पीकच्या काहीशा यांत्रिक आवाजात तो मराठीही वाचतो.

पण त्याला मराठी मिळायला हवी! भिवंडीत, कामतघरसारख्या वस्तीतल्या टंकलेखनाच्या दुकानात, कृतिदेव जातीच्या जुन्या फॉन्टमध्ये ‘गणित’ टाइप केले, तर डोळ्यांना ‘गणित’च दिसते. संगणकाच्या स्मृतीत मात्र एक्स, एफ, टिंब, के, आर अशी रोमन चिन्हे असतात. त्यातला एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ती कागदावर ‘ण’च्या आधी दिसते, म्हणून तिथे आधी टंकली जाते. पडदा-वाचक बिचारा ही रोमन चिन्हे जशीच्या तशी वाचतो. युनिकोडमध्ये आधी ‘ण’ आणि मग वेलांटी साठवतात, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. गंमत अशी, की १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्येही वेलांटी व्यंजनानंतरच येते. बोटांनी वाचणाऱ्यांसाठी जो क्रम सोयीचा ठरला, तोच पुढे यंत्रालाही मानवला.

तुमची प्रश्नपत्रिका कोणत्या प्रकारची आहे हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. तिच्यातली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये डकवा. मराठी राहिली, तर अंध विद्यार्थ्याचा संगणक ती वाचू शकेल. रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर परीक्षेला त्याला ती दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल. आणि ओळ उचलताच आली नाही, तर ते पान म्हणजे नुसते छायाचित्र आहे, पुन्हा ठिपकेच.